जुनी 'कनेक्टेड' गाडी घेतली आहे. ती माझी माहिती कुठे पाठवते आणि ते थांबवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं वापरलेली कनेक्टेड, म्हणजे स्वतःच्या इंटरनेटने कंपनीशी जोडलेली, एसयूव्ही घेतली, सोलापुरातच फिरवायची आहे, अधूनमधून पुण्याला जाणं होतं. गाडी कुठे गेली-आली हे कंपनीला कळतं का आणि ते बंद करता येतं का. कळतं. बरंचसं बंदही करता येतं. पण कंपनीकडे नंतर येऊ. आधी मला सांगा, आधीच्या मालकाच्या फोनमधून तुमची गाडी निघाली आहे का? बहुतेक निघालेली नसणार, कारण ते कुणी बघतच नाही.

होटगी रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरिंग, सेन्सर, बॅटरी, म्युझिक सिस्टिम हे माझं रोजचं काम. तरी हा धडा मला माझ्याच गाडीवर मिळाला. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका डीलरकडून मी अशीच गाडी आणली. आरसी नावावर झाली, विमा झाला, फास्टॅग नवा घेतला. माझ्या मते व्यवहार संपला होता. महिना-सव्वा महिन्याने एका मंगळवारी घरची सगळी तुळजापूरला गेलो. दर्शन झालं, पार्किंगमध्ये गाडीपाशी आलो आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचे गृहस्थ अगदी संकोचाने म्हणाले, "साहेब, तुमचा नंबर मी डीलरकडून मागून घेतला. माझी जुनी गाडी तुम्ही घेतलीत ना? ती आत्ता तुळजापूरला उभी आहे. मला रोज दिसते. डीलरला तीनदा सांगितलं काढून टाका म्हणून, कुणी मनावर घेईना."

मला आधी खरंच वाटेना. तेव्हा त्यांनी विचारलं, लॉक करून दाखवू का? मी हो म्हणालो. पाच-सहा सेकंद गेले असतील. किल्ली माझ्या खिशात, हात दाराला नाही, आणि चारही दारं खट्कन लॉक झाली. आरसे मिटले. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

संध्याकाळी त्यांनी ॲपचे स्क्रीनशॉट पाठवले. सकाळी सव्वानऊला जुळे सोलापुरातून निघते, साडेनऊला होटगी रोड. गुरुवारी अक्कलकोट. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला सात रस्त्याजवळ दोन मिनिटं थांबते आणि आठला परत तिथेच थांबते. ती माझ्या मुलीच्या क्लासची वेळ आहे. पुण्यात बसलेल्या, मी कधी न पाहिलेल्या माणसाकडे माझ्या मुलीच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक होतं, आणि त्यासाठी त्याने काहीही केलेलं नव्हतं. माणूस सज्जन निघाला म्हणून मला कळलं तरी.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे की आरसी नावावर झाली म्हणजे गाडीचं खातं नावावर झालं असं होत नाही. आरसी आरटीओकडे असते. खातं कंपनीच्या सर्व्हरवर, गाडीच्या चासी नंबराला बांधलेलं असतं. आरटीओ कंपनीला कळवत नाही आणि कंपनी स्वतःहून विचारत नाही. जोपर्यंत जुना मालक ॲपमधून गाडी काढत नाही किंवा तुम्ही कंपनीकडून काढून घेत नाही, तोपर्यंत त्याच्या फोनवर लोकेशन, लॉक-अनलॉक, काही गाड्यांत रिमोटने इंजिन आणि एसी चालू करणं, सगळं शाबूत राहतं.

आता हे नेमकं चालतं कसं ते सांगतो, म्हणजे काय बंद करायचं ते समजेल. डॅशबोर्डच्या आत एक छोटा डबा असतो, टेलिमॅटिक्स युनिट. त्यात ई-सिम असतं, म्हणजे काढता न येणारं, कंपनीच्याच नावावरचं सिम. तुमच्या फोनचा डेटा बंद असला तरी त्याला फरक पडत नाही. छतावरच्या माशाच्या पंखासारख्या अँटेनातून किंवा डॅशबोर्डखालच्या अँटेनातून त्याला जीपीएस मिळतं. इंजिन, ब्रेक, दारं, सीटबेल्ट यांचे संदेश गाडीच्या आत ज्या तारांवरून फिरतात, त्या तारांनाही तो जोडलेला असतो. त्यामुळे जागा, वेळ, वेग, जोरात मारलेला ब्रेक, रात्रीचा प्रवास हे सगळं त्याला कळतं. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या तेव्हापासून हे मधल्या किमतीच्या गाड्यांत आलं. आता बहुतेक कंपन्या देतात आणि पहिली काही वर्षं फुकट देतात.

काउंटरवर लोक मला म्हणतात, "आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?" त्यांना मी अमेरिकेतली गोष्ट सांगतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाखाली लोकांच्या चालवण्याची माहिती गोळा होत होती आणि ती डेटा विकणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होती. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे बाहेर काढलं. एका माणसाचा विमा २१ टक्क्यांनी वाढला. कारण शोधत त्याने स्वतःचा अहवाल मागवला, तर त्यात सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या होत्या: कधी निघाला, कधी पोचला, किती अंतर, किती वेळा जोरात ब्रेक मारला. त्याने एकही अपघात केलेला नव्हता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, म्हटलं की काही गाड्यांचं लोकेशन दर तीन सेकंदांनी घेतलं जात होतं, आणि अशी माहिती अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित केली.

आणि कंपनीचा हेतू चांगला असला तरी गळती होतेच. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघड्यावर पडलेली सापडली. त्यातल्या जवळपास ४ लाख ६० हजार गाड्या कुठे उभ्या राहिल्या हे नेमकं दिसत होतं. टोयोटाने २०२३ मध्ये कबूल केलं की जपानमधल्या साडेएकवीस लाख ग्राहकांची माहिती जवळजवळ दहा वर्षं उघडी होती. त्याच वर्षी मोझिलाने (फायरफॉक्स ब्राउझरवाली संस्था) २५ ब्रँडची गोपनीयता धोरणं तपासली. एकही पास झाला नाही. ही सगळी उदाहरणं बाहेरची आहेत. पण डबा तोच, तंत्र तेच, आणि आपल्याकडेही जुलै २०२२ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 'कसं चालवता त्यावर हप्ता' अशी मूळ विम्याला जोडून घ्यायची पॉलिसी द्यायला परवानगी दिलेली आहे. ती ऐच्छिक आहे. घेणार असाल तर सही करण्याआधी एवढं विचारा की माहिती कुठून घेणार, गाडीतून की फोनमधून, आणि पुढच्या वर्षी मी ती सोडली तर जुन्या नोंदींचं काय करणार.

मग करायचं काय? डबा उपटायचा नाही. दुकानात येऊन "फ्यूज काढून टाका" म्हणणारे पुष्कळ आहेत, मी काढत नाही. आरशापाशी किंवा आत छताला जे एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं, बटण आहे ते याच डब्यावर चालतं. काही गाड्यांत एअरबॅग उघडली की आपोआप कॉल जातो. रात्री दोन वाजता मोहोळ-टेंभुर्णीच्या मध्ये गाडी उलटली आणि आत बेशुद्ध माणूस असेल, तर तो कॉल जायला हवा. शिवाय काही गाड्यांत त्याच फ्यूजवर माइक आणि स्पीकर असतात, आणि वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा. चासी नंबर सांगून एकच विचारा: या गाडीच्या खात्यावर मुख्य वापरणारा म्हणून कुणाचं नाव आहे? नाव सांगणार नाहीत, पण तुमचं नाही एवढं कळेल. आरसीची प्रत आणि ओळखपत्र ईमेलने पाठवा (आधार देणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, पूर्ण देऊ नका) आणि जुनं खातं काढल्याचं लेखी उत्तर मागा. तोंडी "हो जाईल सर" वर सोडू नका. मग गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रिसेट मारा. हे फार महत्त्वाचं आहे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या सेकंडहँड गाड्यांच्या स्क्रीनवर मी आधीच्या माणसाची अख्खी फोनबुक पाहतो: 'आई', 'डॉक्टर घर', 'सोसायटी वॉचमन', नेव्हिगेशनमध्ये 'होम' म्हणून पूर्ण पत्ता. ब्लूटूथ जोडताना कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरीची परवानगी विचारतात तेव्हा सगळे घाईत 'हो' दाबतात, आणि ते गाडीतच राहतं. तुम्ही विकाल तेव्हा तुमचंही राहील. डीलर पुसेल या भरवशावर राहू नका, किल्ली देण्याआधी स्वतः पुसा आणि ॲपमधून गाडी काढा.

नंतर स्वतःचं खातं उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उघडलंत तर सेटिंगमध्ये जाऊन ड्रायव्हिंग स्कोअर, मार्केटिंग, 'भागीदार कंपन्यांसोबत माहिती वाटणे' असले पर्याय शोधून बंद करा. हे पर्याय तीन-चार पायऱ्या आत असतात, सापडेपर्यंत सोडू नका. फोनमध्ये ॲपला लोकेशन 'वापरतानाच' एवढंच द्या. काही गाड्यांच्या स्क्रीनवर लोकेशन शेअरिंग बंद करायचंही बटण असतं. आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र लावतो तो सॉकेट) स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र कायमचं लावून ठेवू नका. ते गाडी तपासण्यापुरतं असतं.

कायद्याचंही सांगतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही. शोरूममध्ये गाडीला हार घालताना टॅबवर सही घेतात ना, तिथे थांबा आणि मराठीत मागा. आपण मागितलंच नाही तर कुणी छापणार नाही.

एक वेगळी बाजू राहिली, ती सोडून चालणार नाही. गेल्या वर्षी एक शिक्षिका आल्या. म्हणाल्या, "गाडीखाली कुणी काही लावलंय का बघा. मी कुठं जाते ते घरच्यांना माझ्याआधी कळतं." मी गाडी रॅम्पवर घेतली. बंपर, सीटखाली, ओबीडी पोर्ट, बॅटरीच्या तारा, सगळं बघितलं. काही नव्हतं. मग त्यांच्या फोनमधलं ॲप उघडलं, तर त्या दुय्यम वापरणाऱ्या आणि मुख्य खातं नवऱ्याचं. दोघं वेगळे राहत होते. गाडी कागदोपत्री त्याचीच, त्यामुळे कंपनीकडून काढून घ्यायचा मार्गच नव्हता. त्यांना मी इतकंच सांगू शकलो की आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, घाईने काही बंद करू नका, कारण बंद केल्याचं समोरच्याला लगेच कळतं, आणि वकिलाकडे जाताना ही गाडी नेऊ नका. त्या रिक्षाने गेल्या. कुणी अशा फेऱ्यात असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे. वर सांगितलेला डेटाचा नवा कायदा घरगुती वापराला लागू नाही, म्हणजे घरातल्याच माणसाने असं केलं तर तो उपयोगी पडत नाही. याचा मला राग येतो.

तुम्ही पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्यालाही पहिल्याच दिवशी सांगा की गाडी कुठे आहे ते मला दिसतं. तो माणूस आहे, जेवायला कुठे थांबला ते त्याला न सांगता बघत बसणं बरोबर नाही.

कस्टमर केअरला फोन करताना आरसी हातात ठेवा, चासी नंबर त्यावरच असतो. आणि जुन्या मालकाचा नंबर मिळाला तर त्यांनाच विचारा, ॲपमधून गाडी गेली का म्हणून. माझी जायला चौदा दिवस लागले. चार ईमेल केले. पंधराव्या दिवशी रात्री पुण्याहून त्या गृहस्थांनी शेवटचा स्क्रीनशॉट पाठवला. नकाशा रिकामा होता आणि खाली लिहिलं होतं, खात्याला एकही वाहन जोडलेलं नाही.