पंख छोटे म्हणजे पिल्लू नव्हे

प्रश्न: फेब्रुवारीत फॅमिलीसोबत कॉझिअस्को डोंगरावर ट्रेकला गेलो होतो. सकाळी गवतात काळपट नाकतोडे दिसले, दुपारी परतताना त्याच जागी चक्क निळे! एकही उडाला नाही, पाठीवर पंख म्हणून नुसते दोन तुकडे. मुलगी म्हणते ही पिल्लं आहेत आणि दोन वेगळ्या जातींची. खरंय का?
– एक वाचक, सिडनी

उत्तर: नाही हो, बहुतेक एकाच जातीचे आणि पूर्ण वाढलेले नर पाहिलेत तुम्ही. नाव कोसियुस्कोला ट्रिस्टिस, ऑस्ट्रेलियन आल्प्स या डोंगररांगेतच राहणारा. आपल्याकडे पावसाळ्यात गवतात पाय टाकला की नाकतोडे भर्रकन उडतात ना, म्हणून पंख छोटे दिसले की पिल्लूच वाटतं, पण याचे पंख जन्मभर तेवढेच राहतात. पुढच्या वेळी नीट बघा, मोठ्या पिल्लात मागच्या पंखाची कळी पुढच्यावर चढलेली असते, मोठा झाल्यावर पुढचा पंख वर येतो. डोंगरावर उन्हाळा छोटा, वारा भयंकर, आणि उडायचे स्नायू पोसायला फार एनर्जी लागते, त्यापेक्षा ती अंड्यांवर खर्च केलेली परवडते. अंडी मातीत घालतात, ती हिवाळाभर बर्फाखाली राहतात आणि वसंतात फुटतात.

आता रंगाचं. साधारण १५ डिग्रीच्या खाली नर काळा, २५ च्या वर गेला की आकाशी निळा. ‘की’ आणि ‘डे’ या दोन शास्त्रज्ञांनी १९५४ साली यावर लिहिलंय: कातडीच्या पेशीतले रंगाचे कण वर-खाली सरकतात, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की मेंदूची ऑर्डर लागत नाही, प्रत्येक पेशी आपली आपण तापमान ओळखते. निळा पटकन होतो, काळा व्हायला मात्र बराच वेळ घेतो. काळ्या रंगाने ऊन जास्त शोषलं जात असेल असं कुणालाही वाटेल, पण मोजून पाहिल्यावर फरक अगदी किरकोळ निघाला. हे नर मादीसाठी एकमेकांशी भांडतात, लाथा मारतात, चावतात, त्यामुळे निळा रंग समोरच्याला दाखवायला असावा असं मला वाटतं.

काळजीची गोष्ट म्हणजे कॉझिअस्को २,२२८ मीटर, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच काहीच नाही. हवा तापत गेली तर उडता न येणाऱ्या या जीवाने अजून वर जायचं कुठे?

मुलीला सांगा, परत गेलात तर छोटा थर्मामीटर न्या, सकाळ-दुपार फोटो काढून बाजूला तापमान लिहा, फक्त हातात धरू नका, हाताच्या उबेनेही रंग बदलू शकतो.