ग्रीन कार्डाआधी घर घ्यावं का? नागपूरहून एक पत्र

बेटा,

तुझा मेसेज वाचला. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेस, ग्रीन कार्डची लाइन काही हलून नाही राहिली, डलासकडे घर पाहून राहिलास अन् बँक लोन देईल का असं विचारतोस. देते बापा, आरामात देते. तिथले बरेचसे होम लोन पुढं फॅनी मे नाहीतर फ्रेडी मॅक या दोन मोठ्या कंपन्या बँकांकडून विकत घेतात, अन् त्यांचा नियम असा की कायदेशीर राहणाऱ्या, काम करणाऱ्या माणसाला नागरिकासारख्याच अटींवर लोन देता येते. आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), दोन वर्षांचे डब्ल्यू-टू (पगार अन् टॅक्सचा वार्षिक दाखला), पगाराच्या स्लिपा, क्रेडिट स्कोर, हेच पाहतात. एखादा लेंडर व्हिसाचं नाव काढून नाक मुरडते, त्याच्याशी वाद नको घालू, दुसऱ्याकडे जा. हां, व्हिसा संपायला थोडेच महिने असतील तर एक्स्टेन्शन हातात आल्यावरच फाइल टाकजो.

एक सांगतो, जुने लोक तुला एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं लोन घे म्हणतील, साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर मिळते म्हणून. ते दुकान तुझ्यासाठी बंद झालं. २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना एफएचए नाही. तुला कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं लोनच घ्यावं लागेल. त्याच्यातही पाच टक्क्यांवर काम होऊ शकते, पण २० टक्क्यांच्या खाली गेला की पीएमआय लागतो, म्हणजे लोन बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा, पैसे मात्र तू भरायचे. मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर लोन उतरलं की तो काढा म्हणून अर्ज करजो, ते आपणहून काढतात ७८ ला. रेट तीन-चार ठिकाणी विचारजो. ४५ दिवसांच्या आतल्या होम लोनच्या चौकश्या क्रेडिट स्कोरमधे एकच धरतात, त्यामुळे भिऊ नको.

आता खरी गोष्ट, बाबांचे पैसे. माझ्याकडे अशा फाइली घेऊन बरेच आईबाप येतात अन् सगळे शेवटच्या आठवड्यात येतात, पोराचं क्लोजिंग (पैसे देऊन घर नावावर व्हायचा दिवस) आठ दिवसांवर अन् इथं एफडी मोडायची बाकी! असं नको करू. अंडररायटर, म्हणजे लोनची फाइल तपासणारा माणूस, तुझ्या खात्याचं दोन महिन्यांचं स्टेटमेंट ओळ न ओळ वाचतो, अन् तुझ्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून मोठी रक्कम एकदम पडलेली दिसली की हे कुठून आले विचारतोच. बाबांचे पैसे असतील तर गिफ्ट लेटर लागते, कोण देते, किती, नातं काय, अन् परत द्यायचे नाहीत हे स्पष्ट लिहिलेलं. पैसे डॉलर होऊन तुझ्या तिथल्या खात्यात क्लोजिंगच्या आधी पोचलेले पाहिजेत, अन् इथून निघाल्याचा कागद सांभाळून ठेवजो.

इकडून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, ती अडचण नाहीच. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते त्या टॅक्सची. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. रिटर्नमधे ते परत मिळते, पण तोवर बाबांचे पैसे अडकले ना. ही मर्यादा प्रत्येक पॅनची वेगळी. आईच्या नावावर तिची स्वतःची एफडी असेल तर तिनं वेगळे पाठवावे, अन् थोडे मार्चमधे थोडे एप्रिलमधे केलं तर दोन वर्षांची मर्यादा मिळते. दोघांचे मिळून वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेले तर तुला तिकडे फॉर्म ३५२० भरावा लागेल, टॅक्स काही नाही, नुसती माहिती, पण नाही भरला तर दंड जबर आहे.

अन् इथला नागपूरजवळचा बेस्याचा प्लॉट विकायचं बाबांच्या डोक्यात आहे, ते होऊ नको देऊ. मी म्हटलं म्हणून सांगू नको, पण होऊ नको देऊ. त्यांचं म्हातारपण त्या प्लॉटवर आहे, तुझं पीएमआय वाचवायला तो नाही.

आता जे बँक विचारणार नाही ते मी विचारतो. नोकरी गेली तर तुला जास्तीत जास्त ६० दिवस आहेत, आय-९४ (तिथं राहायच्या मुदतीचा कागद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. व्हिसा गेला म्हणून लोन रद्द होत नाही, हप्ता तसाच चालू राहते. त्या ६० दिवसांत घर विकणार का, की भाड्यानं देणार? त्या एरियात तसल्याच घराचं भाडं किती ते आताच पाहून घे, अन् हप्त्यात प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स धरून हिशेब कर. टेक्सासमधे स्टेट इनकम टॅक्स नाही म्हणून सगळे खुश असतात, पण प्रॉपर्टी टॅक्स तिथं दणकून आहे, आपल्या मनपासारखा नाही. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून मंगच डाउन पेमेंटचा आकडा काढ, त्याला पंधरा टक्क्यांवर यावं लागलं तरी येऊ दे.

कधी नागपूरला परत यायचं ठरलं तर घर तिथं असतानाच विकजो. पाच वर्षांतले दोन वर्ष स्वतः राहिला असशील तर अडीच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही. इथं येऊन बसल्यावर विकलं की तू तिकडच्या हिशेबानं परदेशी, अन् घेणारा नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर १५ टक्क्यांपर्यंत कापून आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याकडे भरते. मंग रिटर्न भरून सोडवत बस.

लेंडरकडे अर्ज टाकला की तीन कामाच्या दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे रेट अन् खर्चाच्या अंदाजाचा कागद येते. दोन-तीन जणांचे आले की सगळे मला व्हॉट्सअ‍ॅप कर, नुसतं पहिलं पान नाही, दुसरं पण, फी तिथंच लपलेली असते. अन् बाबांना म्हणा रविवारी चार नंतर घरी या, दोघांचे पॅन अन् एफडीच्या पावत्या घेऊन.

तुझा,
काका