सायकल ट्रेनमध्ये टाकून रोज कॉलेजला? थांब जरा भो

भाऊ, तुझा मेसेज वाचला, पाचोऱ्याचं नाव दिसलं म्हणून लगेच लिहायला बसलो. मी अमळनेरचा, नेदरलँड्समध्ये सात वर्षं झाली. तुझं म्हणणं असं की ऑगस्टमध्ये आइंडहोवनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला येतोय, तिथं रूम भेटली नाही, जवळच्या डेन बॉस गावात ओळखीच्यांकडे खोली आहे, तर एक सायकल घ्यायची अन् ती रोज ट्रेनमध्ये टाकून न्यायची आणायची, चालतं का, किती पैसे लागतात, आणि घरची गिअरची सायकल विमानातनं आणू का.

चालतं. पण रोज असं इथं कोणी करत नाही, तू पण करू नको.

आधी टायमिंग बघ. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० ट्रेनमध्ये सायकल न्यायलाच बंदी आहे, गर्दीची वेळ म्हणून. आणि तुझ्या कॉलेजचं पहिलं लेक्चर असतं ८:४५ ला! म्हणजे जायच्या वेळी बंदी अन् यायच्या वेळीही बंदी. यात एक गंमत अशी की जुलै-ऑगस्टमध्ये ही बंदी नसते, दिवसभर चालतं, शनिवार-रविवारीही चालतं. तू येशील ऑगस्टमध्ये, दोन-तीन आठवडे मजेत सायकल घेऊन फिरशील, वाटेल काय मस्त देश आहे, अन् १ सप्टेंबर उजाडला की सगळा प्लॅन बोंबलला. माझ्या ओळखीचा एक पोरगा असाच फसलाय, त्याने तर त्या हिशोबाने वर्षाचं घरभाडं ॲग्रीमेंट केलं होतं.

दुसरं म्हणजे पैसे. सायकलचं तिकीट वेगळं लागतं, तुझ्या तिकिटात ते येत नाही. दिवसभराचं तिकीट आहे, आठ युरोच्या आसपास, त्या दिवशी कितीही वेळा ने. कधीतरी फिरायला ठीक आहे. पण महिन्याचे वीस दिवस धरले तर १६० युरो झाले, तेवढ्यात इथं एक बऱ्यापैकी जुनी सायकल येते. हे गणित बघितल्यावर सगळे डच लोक जे करतात तेच तुला पण सुचेल, ते खाली सांगतो.

आपल्याकडे कसं, भुसावळला सायकल न्यायची म्हटलं की पार्सल ऑफिस, पावती, त्यावर लेबल, मग ती गार्डच्या डब्यात जाणार आणि आपण आपल्या डब्यात, उतरल्यावर पळत मागे जायचं. इथं तसं काही नाही, कोणी हमाल नाही, बुकिंग नाही, आपली सायकल आपणच चढवायची आणि तिच्याजवळच उभं राहायचं. ज्या दारावर सायकलचं चित्र असतं त्याच दाराने चढायचं. आत दोन-चार सायकलींची जागा असते, जास्त नाही, तिथंच दुमडायच्या सीटा असतात, लोक बसलेले असतात, त्यांना उठवायचं म्हटलं की आपल्याला जीवावर येतं. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी आली की पहिला मान त्यांचा. आणि जागा नसली तर टीसी सरळ नाही म्हणू शकतो, वाद घालायचा नाही.

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या वर्षी टिलबर्गला एक जुनी सायकल घेतली ८० युरोला, शनिवार होता म्हणून वेळेचा प्रश्न नव्हता, म्हटलं चला ट्रेनने डेन बॉसला आणू, पंधरा-वीस मिनिटांचा तर रस्ता आहे. दारावरचं चित्रबित्र मला काय माहीत, समोर जो डबा थांबला त्यात चढलो. आत जागा एवढीशी, हँडल अडकलं, गाडीने वळण घेतलं की पेडल माझ्याच नडगीवर बसायचं, आणि चेनचं काळं ग्रीस शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पँटला. तो काही बोलला नाही, फक्त पँटकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पँटकडे. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात टीसी आला. माझं तिकीट दाखवलं, तो म्हणाला सायकलचं? मी म्हटलं सायकलचं पण लागतं का. माणूस चांगला होता, म्हणाला आत्ता मोबाईलवर काढ, आणि मी गारठलेल्या बोटांनी ॲप उघडून तिकीट काढेपर्यंत तो माझं हँडल धरून उभा राहिला. चूक सगळी माझीच. घरी जाऊन बॅगेतनं ठिबकच्या नळीचा तुकडा काढला (बाबांनी लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून दिली होती, फुटू नये म्हणून), उभा चिरला आणि पेडलच्या धारेवर चढवून टाकला. अजून आहे.

तर डच माणूस काय करतो? घरापासून स्टेशनपर्यंत सायकलने, सायकल स्टेशनला लावली, ट्रेनमध्ये मोकळ्या हाताने बसला, आणि पुढच्या स्टेशनवर त्याची दुसरी जुनाट सायकल उभी असते त्याच्यावर ऑफिस. दोन गावांत दोन सायकली. ऐकायला चैन वाटते पण ती दुसरी म्हणजे अगदी खटारा असते, चोरालाही लाज वाटेल अशी. सायकल लावायला स्टेशनखाली एवढे मोठे स्टँड आहेत की बघत राहशील, उट्रेख्ट शहरातला २०१९ मध्ये पूर्ण झाला, साडेबारा हजार सायकली मावतात, पहिले २४ तास फुकट. जळगावला स्टेशनबाहेरचा स्टँडवाला कसा गाड्या खेटून खेटून लावतो, तसं नाही, दोन मजली रॅक, रांगेला नंबर. त्या नंबरचा फोटो काढून ठेव. मी एकदा काढला नाही आणि चाळीस मिनिटं आपलीच सायकल शोधत फिरलो, सगळ्या काळ्याच.

आणि तुझ्या बाबतीत तर दुसरी पण लागणार नाही. तुझं कॉलेज आइंडहोवन स्टेशनच्या मागच्या बाजूलाच आहे, उत्तरेकडनं बाहेर पड, दहा मिनिटं पायी. म्हणजे सायकल फक्त डेन बॉसला, घर ते स्टेशन. ट्रेन वीस-एक मिनिटांची आहे आणि वर्किंग डेला दर दहा मिनिटाला इंटरसिटी असते, त्यामुळे एक सुटली तरी टेन्शन नाही. बोर्डावर डेन बॉस शोधू नको बरं का, तिथं 'स-हर्टोखनबॉस असं लांबलचक लिहिलेलं असतं, गाव एकच. मी पहिल्यांदा डेन बॉसची गाडी शोधत एक सोडून दिली होती.

रोजच्या भाड्याचं मात्र नीट बघ, खरा खर्च तिथंच आहे. डच पोरांना सरकारकडून प्रवास फुकट असतो, आपल्याला तो नाही. गर्दीची वेळ सोडून ४० टक्के सवलत देणारा महिन्याचा पास असतो, पाच-सहा युरोचा, तो घेच. लेक्चर दुपारचं असलं की ९ नंतर निघ. रोज ८:४५ लाच जायचं असेल तर ठरलेल्या मार्गाचा पास महाग पडतो का ते आधी बघ, आणि मग आइंडहोवनमध्ये जरा महाग रूम घेणं परवडतं का तेही बघ. खोली स्वस्त म्हणून डेन बॉस धरशील आणि वाचलेले पैसे ट्रेनला घालशील.

कधी दुसऱ्या गावाला गेलास तर स्टेशनवर निळ्या-पिवळ्या भाड्याच्या सायकली असतात, ओव्ही-फीट्स म्हणतात, २४ तासांचे साडेचार-पाच युरो. त्यासाठी स्वतःच्या नावाचं प्रवासाचं कार्ड आणि इथलं बँक खातं लागतं, म्हणून पहिल्या आठवड्यात भेटणार नाही. आणि जिथनं घेतली तिथंच परत करायची, नाहीतर वरून १० युरो.

सायकल बरोबर न्यायची एवढीच हौस असेल तर घडीची घे. दुमडली की ती सामानात धरतात, तिकीट नाही, वेळेची बंदी नाही. सेकंड हँड शंभर-दोनशे युरोत भेटते. चाकं लहान असतात, समोरनं वारा आला की जागच्या जागी पॅडल मारल्यासारखं वाटतं, आणि इथं वारा कायम समोरनंच असतो.

घरची गिअरवाली आणू नको. विमानाचं भाडं, खोका, वर ती चकचकीत, महिनाभर पण टिकणार नाही. इथं मडगार्ड, कॅरिअर, उलटं पॅडल मारलं की ब्रेक लागतो अशी साधी सायकल चालते. त्या ब्रेकची सवय व्हायला दोन दिवस लागतात, पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर चालव. कुलपं दोन, एक मागच्या चाकाचं आणि एक जाड साखळी, साखळी खांबाला अडकवायची. पुढे पांढरा, मागे लाल लाईट पाहिजेच, हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो आणि पोलीस दंड लावतात. चालवताना मोबाईल हातात धरला तरी दंड, २०१९ पासून. आणि कुठंही खांबाला लावून जाऊ नको, नगरपालिका उचलून नेते, मग पैसे भरून सोडवून आणा.

आल्यावर फोन कर, शनिवारी ये, दोघं जाऊन जुनी सायकल बघू, चेन आणि रिंग कशी तपासायची ते दाखवतो, नंतर बॉस्खे बोल खाऊ, चॉकलेटचा एवढा मोठा गोळा असतो क्रीम भरलेला. शेव आणशील ती तिखट आण, मला शेवभाजी करायची आहे. आणि ठिबकची नळी दोनेक फूट बॅगेत टाक, डाव्या पेडलची आता फाटली.