जगज्जेतेपदानंतर पाचव्या दिवशी

प्रश्न : मी अनेक वर्षांपासून फॉर्म्युला वनच्या शर्यती नेमाने पाहत आलो आहे. २०१६ मध्ये निको रोझबर्ग जगज्जेता झाला आणि पाचच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली, याचा सल अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ज्या लुईस हॅमिल्टनला त्याने केवळ ५ गुणांनी मागे टाकले, त्याच्याशी पुन्हा दोन हात करण्याची वेळ आली असताना त्याने मैदान सोडले. जेत्याने आपले पद राखून दाखवायला नको का? हा निर्णय धीराचा म्हणावा की माघारीचा?

उत्तर : आपला सल खरा आहे आणि तो बाळगणारे आपण एकटे नाही. तरीही आपल्या प्रश्नातील ‘राखणे’ या शब्दापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. मुष्टियुद्धात विजेतेपद माणसाच्या अंगावर असते आणि कोणी तरी त्याला हरवीपर्यंत ते त्याच्याकडेच राहते. त्यामुळे तिथे आव्हान टाळणे म्हणजे पद अडवून बसणे होय. फॉर्म्युला वनमध्ये तसे नसते. तिथे दर वर्षी सर्वांचे गुण शून्यापासून सुरू होतात आणि गतवर्षीच्या जेत्याला अर्ध्या गुणाचीही सवलत मिळत नाही. रोझबर्गने २०१६ चे जे मिळवले ते २०१७ मध्ये पराभव झाला असता तरी कमी झाले नसते आणि विजय झाला असता तरी अधिक खरे ठरले नसते. प्रश्न उरतो तो एवढाच, की तीच किंमत दुसऱ्यांदा मोजण्याची त्याची तयारी होती की नव्हती.

ही किंमत काय होती, हे निवृत्तीविषयी मत देणारे बहुधा विचारात घेत नाहीत. रोझबर्ग आणि हॅमिल्टन पोरवयात कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींत, एकाच संघातून धावलेले मित्र होते. २०१३ पासून मर्सिडीज संघात ते पुन्हा एकत्र आले, आणि गाडी सर्वांत वेगवान असल्यामुळे २०१४ पासून विजेतेपदाची लढत या दोघांतच राहिली. प्रतिस्पर्धी दुसऱ्या संघात असला तर त्याच्या गाडीला दोष देता येतो. इथे गाडी तीच, आणि एकाने पात्रता फेरीत (शर्यतीत कोणी कुठून सुरुवात करायची हे ठरवणाऱ्या फेरीत) कोणत्या वळणावर किती उशिरा ब्रेक लावला हे दुसऱ्याला त्याच संध्याकाळी आलेखावर दिसत असे. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीत गाडीतील बिघाडाने रोझबर्गची संधी गेली. २०१५ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शर्यतीत हॅमिल्टनने विजेतेपद निश्चित केले, आणि पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, जाण्याआधीच्या खोलीत हॅमिल्टनने टाकलेली दुसऱ्या क्रमांकाची टोपी रोझबर्गने तशीच त्याच्याकडे परत भिरकावली, हे आपण पाहिलेच असेल. माझ्या मते पुढील वर्षाची गोष्ट त्या खोलीत सुरू झाली. त्यानंतर उरलेल्या तीन शर्यती आणि २०१६ च्या पहिल्या चार, अशा सलग सात शर्यती त्याने जिंकल्या.

त्याने स्वतः सांगितलेला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. तेव्हा गाडी आणि चालक यांचे वजन एकत्र मोजले जात असे, म्हणून त्या उन्हाळ्यात त्याने आपली आवडती सायकल बंद केली. हेतू एकच, की मांड्यांचे स्नायू उतरावेत आणि किलोभर वजन घटावे. पुढे जपानमधील सुझुकाच्या पात्रता फेरीत त्याने हॅमिल्टनपेक्षा ०.०१३ सेकंदाने सरस वेळ नोंदवून पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवली आणि दुसऱ्या दिवशी शर्यतही जिंकली. माणसाची पापणी लवायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. एवढ्याशा फरकासाठी जो स्वतःच्या पायांतील ताकदही कमी करून घेतो, त्याच्या घरी त्या वर्षी दुसऱ्या कशालाही जागा उरली नसणार; आणि त्या घरात नुकतीच एक वर्षाची झालेली मुलगी होती. पत्नीने त्या वर्षी सर्व भार आपल्यावर घेतला, हे त्याने निवृत्तीच्या निवेदनात मोकळेपणाने मान्य केले आहे.

सुझुकानंतर त्याच्याकडे ३३ गुणांची आघाडी होती आणि चार शर्यती उरल्या होत्या. हॅमिल्टनने त्या चारही जिंकल्या, आणि रोझबर्ग चारही वेळा दुसरा आला. दुसरा क्रमांक पुरेसा आहे हे माहीत असताना आठवड्यामागून आठवडे चूक न करता दुसरे येणे हे जिंकण्यापेक्षा सोपे असते, असे मला वाटत नाही. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन आघाडीवर असूनही मुद्दाम हळू चालवत होता, म्हणजे मागून येणारे सेबास्टियन फेटेल आणि मॅक्स वेरस्टापेन रोझबर्गला गाठतील आणि तो पहिल्या तिघांतून बाहेर फेकला जाईल. संघाने वेग वाढवण्यास सांगूनही त्याने ऐकले नाही. त्या शर्यतीच्या पूर्वार्धातच रोझबर्गला वेरस्टापेनला ओलांडावे लागले होते, आणि त्या वेळी किंचितशी धडक लागली असती तर तीन वर्षांचे सर्व काही तिथेच संपले असते. अंतिम रेषेवर पहिले चौघे दोन सेकंदांच्या आत होते. ३८५ विरुद्ध ३८० असा निकाल लागला.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. निवृत्तीचा विचार विजयानंतर आला, असा सर्वसाधारण समज आहे. रोझबर्गच्या सांगण्यानुसार तो सुझुकानंतरच, विजेतेपद मिळवणे आता आपल्याच हाती आहे हे कळल्यावर, मनात येऊ लागला होता. अबू धाबीच्या त्या रविवारी सकाळी ही आपली अखेरची शर्यत असू शकते हे त्याला ठाऊक होते आणि त्यामुळेच डोके स्वच्छ झाले, असे तो म्हणतो. सोमवारी संध्याकाळी त्याने निर्णय घेतला आणि २ डिसेंबरला व्हिएन्ना येथे तो जाहीर केला. हरण्याच्या भीतीने जाणारा माणूस हरल्यावर जातो किंवा हरण्याची चिन्हे दिसल्यावर जातो. रोझबर्ग आधी किंमत ठरवून आत शिरला, ती पुरेपूर मोजली आणि हवे ते हाती येताच उठला. म्हणून मी याला माघार म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूचा आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने २०१८ अखेरपर्यंतचा नवा करार केला होता, आणि हंगाम संपल्यावर चांगले चालक बांधले गेलेले असताना संघावर असा प्रसंग आणणे योग्य नव्हते. विल्यम्स संघाकडून वाल्तेरी बोटासला आणावे लागले, तर विल्यम्समधील बोटासची जागा भरण्यासाठी नुकताच निरोप घेतलेल्या फेलिपे मासाला परत बोलवावे लागले. एका माणसाच्या स्वातंत्र्याचा भार असा तिघाचौघांवर पडला. निर्णय त्याचा होता. त्याची वेळ इतरांसाठीही थोडी विचारात घ्यायला हवी होती.

प्रश्न : जगज्जेतेपद मिळवून लगेच निवृत्त होणारा रोझबर्ग पहिलाच का? त्याच्या आधी कोणी असे केले आहे का?

उत्तर : त्याच्या आधी तिघांनी असे केले आहे, आणि तिघांची कारणे अगदी वेगळी आहेत. १९५८ मध्ये ब्रिटनचा माइक हॉथॉर्न स्टर्लिंग मॉसपेक्षा एका गुणाने पुढे राहून जगज्जेता झाला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्युर्बुर्गरिंग येथे त्याचा जिवलग मित्र आणि सहकारी पीटर कॉलिन्स डोळ्यांदेखत अपघातात गेला होता. हॉथॉर्नने शर्यती सोडल्या आणि जानेवारी १९५९ मध्ये साध्या रस्त्यावर मोटार चालवताना त्याचा मृत्यू झाला. तो २९ वर्षांचा होता.

दुसरे जॅकी स्टुअर्ट, आणि माझ्या मनात सर्वांत अधिक आदर त्यांच्याविषयी आहे. त्यांनी १९७३ च्या एप्रिलमध्येच हंगामाअखेरीस थांबण्याचे ठरवले होते, पण हे मोजक्या माणसांनाच सांगितले. पत्नी हेलन यांनाही त्यांनी कळू दिले नाही, कारण कळले असते तर उरलेली प्रत्येक शर्यत त्या बोटावर मोजत बसल्या असत्या. त्या काळी दर वर्षी ओळखीचे चालक मरत होते आणि त्यांच्या अंत्यविधींना हे दांपत्य जात होते, एवढे ध्यानात घेतले की या मौनामागील माया समजते. त्यांनी तिसरे जगज्जेतेपद मिळवले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे त्यांची शंभरावी शर्यत व्हायची होती, पण पात्रता फेरीदरम्यान त्यांचा तरुण सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर अपघातात मृत्युमुखी पडला आणि त्यांच्या टिरेल संघाने माघार घेतली. स्टुअर्ट ९९ शर्यती आणि २७ विजयांवर थांबले. शंभराचा आकडा गाठण्यासाठी ते पुन्हा गाडीत बसले नाहीत. सुरक्षित मार्ग, कठडे आणि वैद्यकीय सोयी यांसाठी त्यांनी चालक असतानाच सुरू केलेला लढा मात्र त्यांनी सोडला नाही.

तिसरा अलें प्रोस्ट. १९९३ मध्ये चौथे जगज्जेतेपद मिळवून ५१ विजयांसह तो निवृत्त झाला. त्याच्या विल्यम्स संघात पुढच्या वर्षी त्याचा जुना प्रतिस्पर्धी आयर्टन सेना येणार होता आणि त्याच्यासोबत पुन्हा एका संघात राहण्याची प्रोस्टची इच्छा नव्हती. हे कारण थकव्यापेक्षा संघातील परिस्थितीचे अधिक आहे. एक गंमतीची नोंद अशी, की १ हा क्रमांक फक्त जगज्जेत्याच्या गाडीचा असे. १९९२ चा जेता नायजेल मॅन्सेल अमेरिकेतील शर्यतींकडे वळल्यामुळे आणि पुढे प्रोस्ट निवृत्त झाल्यामुळे डेमन हिलने सलग दोन हंगाम ० क्रमांकाची गाडी चालवली.

प्रश्न : शिखरावर असताना गेलेला चालक पुढे पस्तावतो का? अनेक जण परत येतात, म्हणून विचारते.

उत्तर : परत येणारे बहुधा वेगळ्या कारणाने गेलेले असतात. निकी लाउडाने १९७९ मध्ये कॅनडातील शर्यतीच्या सरावातच गाडी सोडली, कारण त्याला गोल गोल फिरण्याचा कंटाळा आला होता. कंटाळा ओसरतो, म्हणून तो १९८२ मध्ये परतला आणि १९८४ मध्ये अर्ध्या गुणाने तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. मायकेल शुमाखर २००६ अखेरीस थांबला आणि २०१० मध्ये मर्सिडीजकडून परत आला. तीन हंगामांत त्याला एकदाच पोडियम मिळाला, आणि त्या तिन्ही वर्षांत त्याच गाडीत त्याच्यापुढे राहिलेला सहकारी होता निको रोझबर्ग. सात वेळचा जगज्जेता परतल्यावर काय होते, हे रोझबर्गने शेजारच्या गॅरेजमधून पाहिले होते.

पस्तावा झाला की नाही हे दुसऱ्याने सांगण्याजोगे नाही, पण कृतीवरून काही कळते. रोझबर्गने त्यानंतर फॉर्म्युला वनची एकही शर्यत चालवली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या एक्स्ट्रीम ई या स्पर्धेत त्याने स्वतःचा संघ उभा केला, आणि २०२१ च्या पहिल्या हंगामात समान गुण झाल्यावर अधिक विजयांच्या निकषावर त्या संघाने विजेतेपद मिळवले. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला संघ हॅमिल्टनचा होता. या वेळी दोघेही गाडीबाहेर होते.