चाळीस एपिसोड ऐकले, चिकू अजून तसाच

प्रश्न : ताई नमस्कार, मी विश्रामबाग, सांगलीहून लिहितेय. आमचा चिकू दोन वर्षांचा आहे, कारवान जातीचा कुत्रा, सासऱ्यांनी जतहून पिल्लू असताना आणलेला. घरात अगदी गरीब गाय, पण गल्लीत दुसरं कुत्रं दिसलं की पट्टा ओढून, दोन पायांवर उभा राहून असा तमाशा करतो की माझा हात खांद्यातून निघायची वेळ येते, मोपेडवर पण धावून जातो. इथं एक ट्रेनर बघितला, तो म्हणाला दोन फटके द्या, मालक कोण ते कळू दे. ते काय मनाला पटेना म्हणून मी इंग्लिश पॉडकास्ट ऐकायला लागले, कॉग-डॉग रेडिओ, द बायटी एंड ऑफ द डॉग, भाकरी थापताना, चिकूला फिरवताना, सारखं कानात तेच. चाळीसेक एपिसोड झाले असतील. ते म्हणतात अंतर ठेवा आणि खाऊ द्या. आता अंतर कुठून आणू ओ, आमच्या एका गल्लीत सात मोकाट कुत्री आहेत! खाऊ म्हणून घरचा बेदाणा देते, तासगावला आमची बाग आहे आणि त्याला आवडतो पण. माझं काय चुकतंय?

उत्तर : बाकी सगळं नंतर, आधी तो बेदाणा बंद करा. आजपासून म्हणत नाही मी, आत्ता. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल ते कुत्र्यागणिक बदलतं, एखादा मूठभर खाऊन शेपटी हलवत फिरतो आणि एखादा थोडक्यात जातो, त्यामुळं 'इतके दिवस काय झालं नाही की' हे कारण सांगू नका. एकदा रक्त तपासून किडनी बघून घ्या, आणि कधी चोरून खाल्लाच तर उलटी व्हायची वाट न बघता थेट डॉक्टर. आपल्याकडं घरोघरी बेदाण्याचा डबा असतो, पण हे सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून एवढं ठासून लिहिलं. भडंगातला लसूण, भाजीतला कांदा पण नको. उकडलेलं चिकन, पनीर, अंडं, यातलं काहीही, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून.

आता पॉडकास्ट. दोन्ही चांगले आहेत, तुमची निवड चुकलेली नाही. चुकतंय ते फिरवताना ऐकणं. चिकू भुंकायच्या आधी दोनएक सेकंद असतात बघा, तोंड मिटतं, कान पुढं येतात, अंग ताठ होतं, नजर एका जागी खिळते. ट्रेनिंग जे काय व्हायचं ते त्या दोन सेकंदांत होतं, आणि तेव्हा तुमच्या कानात अमेरिकेतली बाई बोलत असते. भाकरी थापताना खुशाल ऐका, पण एका एपिसोडमधली एकच गोष्ट घ्या आणि पंधरा दिवस तीच करा. चाळीस एपिसोडच्या चाळीस युक्त्या एका कुत्र्यावर लावल्या तर त्याला तरी काय कळणार.

पहिल्या पंधरा दिवसांसाठी हे घ्या. कुत्रं लांब दिसलं, चिकूनं बघितलं, अजून भुंकला नाही, की लगेच 'शाब्बास' म्हणून चिकन. क्रम हाच, आधी त्याला दिसायला पाहिजे आणि मग खाऊ. उलटं केलं, म्हणजे तुम्हाला आधी दिसलं आणि तुम्ही गडबडीनं पिशवीत हात घातला, की पिशवीचा आवाजच त्याला इशारा होतो, आलं वाटतं कुत्रं. आणि चिकनकडं बघत पण नसेल तर फार जवळ आलात, मागं फिरा. हे मागं फिरणं आधी घरात, मग गच्चीवर शिकवा, 'चल चल' म्हटलं की वळायचं आणि वळल्यावर खाऊ, म्हणजे ऐन वेळी ओढाताण होत नाही. गळ्यातली साखळी असेल तर काढा, छातीचा हार्नेस घ्या.

अंतराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्या पॉडकास्टमधली कुत्री पट्ट्यात असतात, आपली वडापावच्या तीन गाड्यांवर वाटून बसलेली. म्हणून चार दिवस चिकूला घरी ठेवून एकट्या फिरा आणि बघा, कुठली कुत्री कुठल्या वेळी कुठं असतात. त्यांची हद्द आणि वेळ बऱ्यापैकी ठरलेली असते हो, आपणच कधी बघत नाही. मग तेवढा कोपरा टाळायचा. एखादं अंगावर आलंच तर उभ्या टेम्पोच्या आड व्हा, मूठभर बिस्किटं त्याच्या पुढ्यात फेका, ते हुंगेपर्यंत तुम्ही निघालात. 'हाड् हाड्' ओरडू नका, मोकाट कुत्र्याला त्याचं काही नाही, चिकूला मात्र वाटतं की आई पण भुंकायला लागली.

आणि रोज गल्लीतच फिरवायला पाहिजे असं कुणी सांगितलं? कारवान शिकारीचं कुत्रं, लांबचं हललेलं पण दिसतं त्याला आणि पळणाऱ्या गोष्टीमागं जाणं रक्तातच आहे, मोपेडचं कोडं तिथंच सुटतं. आठवड्यातनं दोनदा गाडीत घालून तासगावला न्या, बागेत नको, खाली घड पडलेले असतात आणि फवारणी असते, शेजारच्या बांधानं, लांब दोरी लावून, त्याला पाहिजे तेवढं हुंगू द्या. कॉग-डॉगवाल्या सारा स्ट्रेमिंग ज्याला डीकम्प्रेशन वॉक म्हणतात तो हाच, आपली आजी त्याला रानात सोडून आणणं म्हणायची. ज्या दिवशी गल्लीत मोठा तमाशा झाला किंवा मिरवणुकीचा डीजे वाजला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फिरणं नाहीच, घरात चिकन लपवून शोधायला लावा. भीतीवर भीती चढली की साधी सायकल पण सहन होत नाही.

फटक्यांचं तुम्हाला पटलं नाही ते बरंच झालं. ही मालक-कोण थिअरी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरनं १९४७ मध्ये निघाली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती जगभर गेली आणि त्याच मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, मालकीसाठीची मारामारी नव्हे. बहुतेक वेळा असं कुत्रं घाबरून भुंकतं. कुत्रं दिसलं की आपल्याला मार बसतो, एवढंच ते फटक्यातून शिकतं.

माझ्या बंड्याला समोरच्या फुटपाथवरचं कुत्रं बघून न भुंकता माझ्याकडं वळायला सात महिने लागले, आणि अजून एका काळ्या बोक्याचं नाव काढायची सोय नाही.

प्रश्न : सातारहून. आमची कुत्री पण अशीच आहे, चार भिंती टेकडीकडं सकाळी गर्दी असते म्हणून मुसकं घालावं म्हणतो, पण लोक म्हणतील चावरी आहे. आणि मित्र म्हणतात दहा कुत्र्यांत सोड, आपोआप सवय होईल.

उत्तर : मित्रांना पाण्याची भीती असेल तर कृष्णेत ढकलून बघा, तशी सवय होते ही. मुसकं जरूर घाला, पण जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बंद करणारं कापडी नको, कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः तोंडावाटे काढतं आणि आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. आधी आठ-दहा दिवस नुसतं हातात धरून आत चिकन ठेवा, ती स्वतःहून तोंड घालायला लागली की मग बंद लावा. आणि लोक चावरी म्हणून लांबून जातील, तर तेच तर पाहिजे ना आपल्याला.