हेडर इन्क्लूड केलं तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' का येतं?

प्रश्न: सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे राहतो, डिप्लोमा सेकंड इयरला आहे. पप्पांचा चादरीचा छोटा कारखाना आहे, सुताच्या बॅगा किती आल्या, कुठल्या मागाला किती सूत गेलं हे सगळं वहीत लिहितात, म्हणून मी सी मध्ये एक प्रोग्रॅम करतोय, डेटा एसक्यूलाइटमध्ये (छोट्या डेटाबेसची लायब्ररी) ठेवतो. कॉलेजच्या मशीनवर मस्त चालला, घरच्या उबुंटूवर तीच कमांड मारली तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३ ओपन' अशा ओळीच ओळी. कमांड ही (जीसीसी म्हणजे सी चा कम्पायलर): जीसीसी -एलएसक्यूलाइट३ हिशोब.सी -ओ हिशोब. हेडर इन्क्लूड केलंय, लायब्ररीचं हेडर वगैरे देणारं डेव्ह पॅकेज पण टाकलंय, काढून परत टाकलं. पप्पा म्हणतात वहीच बरी.

उत्तर: पप्पांना म्हणावं जरा दम धरा, प्रोग्रॅम बरोबर आहे. कमांडमध्ये पण सगळं आहे, फक्त लायब्ररीची जागा चुकलीय. असं कर (अर्थात इंग्रजी अक्षरांत):

जीसीसी हिशोब.सी -एलएसक्यूलाइट३ -ओ हिशोब

लिंकर, म्हणजे कम्पाइल झालेली फाइल आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम, कमांड डावीकडून उजवीकडे वाचत जातो. तुझ्या कमांडमध्ये त्याला आधी लायब्ररी दिसली, तोपर्यंत कुणी काही मागितलेलंच नाही, मग त्याने ती सोडून दिली, आणि पुढे हिशोबच्या फाइलने फंक्शन मागितलं तेव्हा मागे वळून बघायची त्याला सवय नाही. डॉट ए वाल्या स्टॅटिक लायब्ररीला (जिचा कोड प्रोग्रॅममध्येच घातला जातो) लिनक्सच्या नेहमीच्या लिंकरवर हे सगळीकडेच लागू आहे. डॉट एसओ वाल्या शेअर्ड लायब्ररीला (जी प्रोग्रॅम चालवताना जोडली जाते) पूर्वी चालून जायचं, पण उबुंटूने ११.१० पासून 'अ‍ॅज नीडेड', म्हणजे गरज दिसली तरच लायब्ररी जोडायची, हे डिफॉल्ट केलं, तेव्हापासून तिथे लायब्ररी आधी लिहिली की हमखास हेच होतं, कॉलेजच्या मशीनवर दुसरं लिनक्स असेल तर तिथे खपून जातं. म्हणून मागणारा आधी, देणारा नंतर. दोन लायब्ररी असतील आणि पहिलीला दुसरी लागत असेल तरी हाच क्रम.

आणि हेडरबद्दल सगळ्यांचाच गैरसमज असतो. हेडर म्हणजे लग्नपत्रिकेत नाव छापणं, नाव छापलं म्हणजे माणूस मांडवात आलाच असं नाही. इन्क्लूडने कम्पायलरला फक्त कळतं की असं फंक्शन आहे आणि ते काय काय घेतं, कोड आणायचं काम लिंकरचं. म्हणून एररच्या शेवटी 'कलेक्ट२' आणि 'एलडी रिटर्न्ड १' (एलडी म्हणजे लिंकरच) दिसलं की सी ची फाइल उघडून सेमीकोलन शोधत बसू नकोस, तुझं कम्पाइल केव्हाच झालेलं असतं.

डेव्ह पॅकेज टाकलंस ते बरोबरच, नसतं तर एरर वेगळी आली असती, हेडर सापडत नाही अशी, किंवा लिंकरची 'कॅनॉट फाइंड'. आणि कमांडमधल्या -एलच्या, म्हणजे स्मॉल एलच्या पुढे 'लिब' लिहायचं नाही, ते लिंकर स्वतः लावतो. कॅपिटल एल म्हणजे लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ते, कॅपिटल आय म्हणजे हेडर कुठे शोधायचं ते.

एक गंमत करून बघ. मॅथमधलं स्क्वेअर रूट थेट २.० देऊन लिहिलंस तर -एलएम (मॅथची लायब्ररी) न लावताही चालतं, कारण जीसीसी उत्तर आधीच काढून ठेवतो, पण युजरकडून आकडा घेऊन व्हेरिएबल दिलंस की लगेच अनडिफाइन्ड रेफरन्स. लॅबमध्ये यावरून पोरं तासभर भांडतात.

प्रश्न: लायब्ररी सोर्सवरून बिल्ड करून इन्स्टॉल केली, प्रोग्रॅम लिंक पण होतो, पण चालवला की 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज'. काय करू? (जुळे सोलापूर)

उत्तर: लिंक करताना शोधणारा वेगळा, चालवताना शोधणारा लोडर वेगळा. आधी एलडीडी लावून प्रोग्रॅमचं नाव दे, कुठल्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' येतंय ते दिसेल. ती यूएसआर लोकल लिबमध्ये असेल तर बहुतेक वेळा एकदा सुडो एलडीकॉन्फिग मारलं की काम होतं, लोडरची यादी ताजी होते. लायब्ररी स्वतःच्या होम फोल्डरमध्ये असेल तर लिंक करतानाच आरपाथ दे, म्हणजे लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहिला जातो. लोडरने आणखी कुठे शोधायचं ते सांगणारं एलडी लायब्ररी पाथ हे व्हेरिएबल टेस्टिंगपुरतं ठीक आहे, पण लोक ते बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना दरवेळी वाचली जाणारी फाइल) कायमचं टाकून ठेवतात ते मला अजिबात पटत नाही, पुढे दुसराच एखादा प्रोग्रॅम चुकीची जुनी लायब्ररी उचलतो आणि कारण काही केल्या सापडत नाही.