जुन्या स्टीलच्या सायकलला नवा फोर्क

मित्रा, आधी जुना फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, काढ आणि व्हर्नियरने मोज. स्टीअररचा, म्हणजे फोर्कच्या वरच्या नळीचा, बाहेरचा व्यास जुन्या सायकलींत बहुतेक 1 इंच, म्हणजे 25.4 मिमी असतो, वर आटे पाडलेले. हल्ली सर्रास मिळतो तो 28.6 मिमीचा, बिनआट्यांचा. तो तुझ्या हेडट्यूबमध्ये, म्हणजे स्टीअरर ज्यातून जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीत, बेअरिंगसकट बसणारच नाही. स्टीअररची लांबीही लिहून घे. जास्त असली तर कापता येते, पण कापल्यावर पुरेसे आटे उरतील हे बघ.

खरा घोळ क्राउन रेसचा, म्हणजे स्टीअररच्या बुडाशी, फोर्कच्या खांद्यावर (क्राउनवर) ठोकून बसवायच्या बेअरिंगच्या कड्याचा. फोर्कवरची तिची बैठक कुठे 26.4 मिमी, कुठे 27. ऐकायला क्षुल्लक, पण लहान रेस मोठ्या बैठकीवर ठोकलीस की ती तडकते. मी तडकवली आहे.

चाकाच्या आसापासून क्राउनपर्यंतची उंची आणि रेक (आस स्टीअररच्या रेषेच्या किती पुढे आहे ते अंतर) जुन्याइतकेच ठेव. फोर्क उंच झाला की सायकलचं पुढचं तोंड वर येतं आणि हँडलचा स्वभावच बदलतो. चाकं 27 इंची असतील तर ब्रेकचे पॅड रिमवर नीट बसतात का, तेही तपास.

कार्बनचा मोह मला तरी पटत नाही. आपल्या खड्ड्यांना स्टीलच बरं. फक्त मुंबईची खारी हवा लक्षात ठेव: बसवण्याआधी स्टीअररच्या आतून गंजरोधक तेल फिरव, पावसाळ्यापूर्वी तर नक्कीच.